आखाजीचा मांडा

एकवीस महिने मी गव्हाचा कण तोंडात घातला नव्हता. मग आखाजी आली आणि मी मांडा खाल्ला. पुढचं सगळं सांगायचंच आहे, पण आधी मांडा कसा होतो ते सांगू द्या, नाहीतर वाचणारे म्हणतील, बाईला एवढा कसला मोह!

माझं माहेर सटाण्याचं. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला, म्हणजेच आखाजीला, लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, पितरांची घागर भरतात, आणि मागच्या अंगणात चूल पेटवून तिच्यावर मातीचं खापर पालथं घालतात. गहू ओलवून दळून आणलेले असतात, पीठ वस्त्रगाळ केलेलं. ते सैल मळायचं, परातीत आपटून आपटून तिंबायचं. पुरण भरलेली लाटी जराशी लाटायची आणि मग दोन्ही हातांवर घ्यायची. आई मनगटं फिरवत जाते तशी ती पसरते, पंजे झाकते, कोपराकडे सरकते. पलीकडचा जाळ आरपार दिसायला लागतो, तरी फाटत नाही. मग एका झटक्यात खापरावर.

तो फाटत नाही ते पिठातल्या चिवटपणामुळे. त्या चिवटपणाला ग्लुटेन म्हणतात हे मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि ते आता जन्मभर बंद हेही त्याच दुपारी.

हे ऑगस्ट २०२२ मधलं. त्याआधी पाच वर्षं माझं हिमोग्लोबिन आठच्या वर जात नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, शिरेतून लोह देऊन झालं, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, सगळं झालं. पोट डमरूसारखं फुगायचं. मी नाशिकला शालिमारजवळ एका पतसंस्थेत कॅशियर आहे. काउंटर सोडून दिवसातून पाच वेळा जावं लागणं म्हणजे काय, हे कॅशियरलाच विचारा. डॉक्टर बदलले, उत्तर बदललं नाही. बायकांना असतंच, टेन्शन घेऊ नका, गॅसची गोळी उपाशीपोटी घ्या. शेवटी एका पोटविकारतज्ज्ञांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. माझ्या लॅबच्या कागदावर वीसच्या आत नॉर्मल होतं. माझा आकडा दोनशेच्या वर. मग एंडोस्कोपी, लहान आतड्याच्या सुरुवातीचे चार-पाच तुकडे, बायोप्सी. सीलिॲक.

डॉक्टरांनी समजावलं ते अजून लक्षात आहे. आतड्याच्या आतल्या अस्तरावर टर्किश टॉवेलसारखे बारीक कोंब असतात, लोह आणि कॅल्शियम तेच ओढून घेतात. ह्या आजारात ग्लुटेन आत गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती त्या अस्तरावरच उठते. "तुमच्या टॉवेलचा पंचा झालाय," ते म्हणाले. औषध नाही. गहू, जव आणि राय ही तीन धान्यं पूर्ण बंद केली की टॉवेल पुन्हा होतो, मोठ्या माणसांत वर्ष-दोन वर्षं लागतात, कधी जास्तही. घरी येऊन मी हे सांगितलं तर सासूबाईंनी चार दिवस फोडणीत मोहरी टाकली नाही. राय म्हटल्यावर त्यांना राई वाटली. राय हे थंड देशातलं धान्य, आपल्या किराण्यात ते दिसायचंही नाही.

खरं सांगायचं तर नाशिकमध्ये हे पथ्य फार अवघड नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी आहे, पेठ-सुरगाण्याकडची नागली आहे, इगतपुरीकडचा तांदूळ आहे, भगर आहे. उपासाचं तर जवळजवळ सगळंच चालतं, त्यामुळे आमच्या घरी माझी रोजच चतुर्थी, असं माझा नवरा म्हणायचा. लाकडाचं पोळपाट पिठाचे कण धरून ठेवतं म्हणून माझं वेगळं घेतलं. तवा वेगळा, पळी वेगळी, मीठसुद्धा वेगळ्या बरणीत, कारण कणकेचा हात मिठात जातोच. सहा आठवड्यांत जिना चढताना धाप लागेनाशी झाली. दीड वर्षात हिमोग्लोबिन बारावर, वजन सहा किलो वर, टीटीजी ३१.

आणि मग १० मे २०२४, शुक्रवार.

कोणी जबरदस्ती केली नाही. मावशी एवढंच म्हणाली, "खाई ले वं पोरी, काय बी नही व्हत." आई काहीच बोलली नाही. चुलीसमोर बसलेली, हात कोपरापर्यंत पिठाचे, आणि माझ्याकडे बघत नव्हती, ते बघणं टाळणंच मला जास्त लागलं. आदल्या आखाजीला मी तिथे भाकरी आणि आमरस खाल्ला होता. मला बरं वाटत होतं. बरं वाटत असताना पथ्य हा नुसता हट्ट वाटायला लागतो. मी दीड मांडा खाल्ला. आमरसात बुडवून, बोटं चाटून.

रात्रभर जागी होते. पोटात कळ येईल, उलटी होईल, गच्चीतून खाली धावावं लागेल, अशी वाट बघत. काही झालं नाही. सकाळी झोक्यावर बसले, दुपारी एसटी धरली, संध्याकाळी नाशिक. काहीच नाही.

काही झालं असतं तर फार बरं झालं असतं. त्या रात्री पोट दुखलं असतं तर मी तिथेच थांबले असते. पण शरीराने हिशेब लगेच मांडला नाही, आणि मी समजले की तो माफ झाला.

दुसरी गोष्ट मला आणखी उशिरा कळली. एकदा हो म्हटलं की तुमच्या नाहीला किंमत राहत नाही. एकवीस महिने लोकांना सवय झाली होती, माझं ताट कोणी विचारत नव्हतं. पण सटाण्याची बातमी आमच्या घरी माझ्याआधी पोचली. सासूबाई लागट बोलत नाहीत, त्या सहज म्हणाल्या, "आईकडे चाललं ना, मग माझ्या हातचं काय वाईट?" ह्याला उत्तर काय देणार? जून महिन्यात त्यांच्या हातचा शिरा खाल्ला, दोन चमचे. ऑफिसमध्ये वाढदिवसाचा केक, कोपऱ्याचा तुकडा. गव्हाची कुरडई तळली होती, ती तर मी गहू मानलीच नाही. चीक म्हणजे काय पोळी का, असं स्वतःलाच सांगितलं. श्रावणात सत्यनारायण झाला. प्रसाद. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेता धावत जाते आणि तिच्या नवऱ्याची नाव दिसेनाशी होते. ती कथा ऐकत बसलेल्या माणसाने द्रोण परत करायचा, म्हणजे धैर्यच पाहिजे. मी अख्खा द्रोण संपवला.

पोट अजूनही फारसं दुखत नव्हतं. दुसरंच काहीतरी होत होतं, आणि मी त्याचा संबंध लावत नव्हते. महिन्यात दोनदा तोंड आलं. केस विंचरताना फणी भरायची. दुपारी तीननंतर डोक्यात धुकं साचल्यासारखं व्हायचं. जुलैच्या शेवटी कॅश जुळेना. तीनदा मोजली. पाचशेची एक नोट कमी. बारा वर्षांत पहिल्यांदा मी खिशातून भरली. साहेब म्हणाले, होतं कधी कधी. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा दोनशे कमी आले. मी म्हटलं, चाळिशी लागली, चष्म्याचा नंबर बदलला असेल. नंबर बदलला नव्हता.

मग ऑगस्टमधला तो रविवार. नणंद पुण्याहून आली होती, सगळे मिसळ खायला गेलो. नाशिकच्या माणसाने पाहुण्याला मिसळ खायला नेलं नाही तर त्याला नाशिककर म्हणत नाहीत. मी एरवी तिथे पापड-दही घेऊन मिसळ खायचे, शेव बाजूला काढून. त्या दिवशी काळ्या मसाल्याचा कट समोर आला आणि मी दोन पाव खाल्ले. दोन. मोजून.

तीन तासांनी घरी सुरू झालं. आधी उलट्या, मग जुलाब, मग दोन्ही. संध्याकाळपर्यंत उठून बसता येईना. मुलगा नववीत, तो बाथरूमच्या दाराबाहेर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याचा चेहरा आठवला की अजून लाज वाटते. रात्री सलाईन लागली. कंपाउंडर म्हणाला, मिसळीचं तेल बाधलं असेल. बिचाऱ्या तेलावर आळ नको म्हणून मी गप्प बसले.

ह्या आजाराविषयी मी पुढे रजेवर असताना थोडं वाचलं. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी ह्या आजाराच्या मुलांना भरपूर केळी खायला घालून बरं केलं. त्यांना वाटलं, केळ्यातच गुण आहे. खरं कारण असं की केळ्यांच्या त्या पथ्यात पाव-बिस्किटं बंद होती. मुलं बरी झाली म्हणून पुन्हा पावावर आली की आजार परत यायचा, आणि का येतो ते कळायचं नाही. कळलं ते विलेम डिके ह्या डच डॉक्टरांमुळे. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला, माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खात होती, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारली. तुटवडा संपून ब्रेड आला, मुलं पुन्हा आजारी. हे वाचून मला आमच्या घरातला तो मे ते ऑगस्ट दिसला.

सप्टेंबरमध्ये, गौरी जेवून गेल्यावर, तपासण्या केल्या. टीटीजी ३१ वरून १४६. हिमोग्लोबिन साडेनऊ. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी पहिल्यांदाच केली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.१, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली. मला वाटत होतं डॉक्टर रागावतील. त्यांनी टेबलावरचा साखरेचा पुडा उचलला आणि चहाच्या कपाच्या झाकणावर चिमूटभर साखर ठेवली. म्हणाले, "एवढी कणीक. अर्धा ग्रॅम धरा. त्यात साधारण पन्नास मिलीग्रॅम ग्लुटेन असतं." २००७ साली छापून आलेल्या एका इटालियन अभ्यासात सीलिॲकच्या रुग्णांना रोज तेवढंच ग्लुटेन तीन महिने दिलं, तर आतड्याचे कोंब पुन्हा झिजायला लागलेले दिसले. मी मनात केकचा कोपरा, शिऱ्याचे चमचे, कुरडया, द्रोण मोजत बसले. चार महिने होते माझे.

"पण त्रास झाला नाही सुरुवातीला," मी म्हटलं.

"त्रास होणं आणि नुकसान होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही लोकांना तर कधीच त्रास होत नाही. त्यांचं पथ्य सांभाळणं सगळ्यात अवघड."

दुसरी फेरी पहिल्या फेरीसारखी नव्हती. पहिल्या वेळी पथ्य सुरू केल्यावर आठवड्या-आठवड्याला हुरूप यायचा. ह्या वेळी नोव्हेंबर आला तरी जिना तसाच. त्यात दूध पचेना. दुधातली साखर फोडणारं द्रव्य त्याच कोंबांच्या शेंड्यांवर तयार होतं, शेंडे झिजले की दूधही परकं. सकाळचा चहा गेला. गहू जाण्यापेक्षा ते जास्त लागलं, खोटं कशाला बोलू. ताक मात्र थोडं थोडं चाललं. आणि जानेवारीत टीटीजी आलं १३८. चार महिने एक कण न खाता फक्त आठने खाली.

डॉक्टरांनी विचारलं, "खरंच खात नाही ना?" हा प्रश्न मला टोचला, पण तो मीच कमावलेला होता.

मग आम्ही शोध सुरू केला. सासूबाई, मी आणि मुलगा. तो वही घेऊन. पहिलं सापडलं ते हिंगात. आमचा पिवळा डबीतला हिंग. डबीवर बारीक अक्षरांत घटक: डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. हिंग शेवटी. शुद्ध हिंग फार उग्र म्हणून तो पिठात बांधतात, हे वाण्याला माहीत होतं, मलाच नव्हतं. पहिल्या एकवीस महिन्यांतही तोच हिंग होता. माझा आकडा वीसच्या आत कधी आला नाही, त्यात ह्या डबीचाही हात असेल असं मला वाटतं.

पण खरा चोर गिरणीत होता. आमच्या गल्लीतल्या गिरणीत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असायची. पावसाळ्यानंतर मालकाने ती काढली आणि अर्धा गाळा मोबाईलवाल्याला भाड्याने दिला. एकच चक्की उरली. आता गिरणीत उभ्या राहिलेल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे की आधीच्याचं मूठ-दोन मुठी पीठ दगडांत, वरच्या नरसाळ्यात, खालच्या कापडी तोंडात राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून तर आपण ओरडतो, "दादा, माझे गहू गव्हावर टाका, बाजरीवर नको, पोळ्या काळ्या होतात!" जन्मभर मी हे ओरडत आले. माझी ज्वारी गव्हावर पडत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. गव्हात बाजरी आली तर दिसते. ज्वारीत गहू दिसत नाही. उलट भाकरी थापायला सोपी जाते. आणि मला आठवलं, दिवाळीपासून माझ्या भाकरीच्या कडा चिरत नव्हत्या. मी खूश होते की हात बसला!

मी गिरणीवाल्या दादांना सांगून पाहिलं की माझं दळण सकाळी पहिलं घ्या, चक्की झाडून. ते भले माणूस, हो म्हणाले. पण झाडल्याने दगड धुतला जात नाही. फेब्रुवारीत घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधीही पडायचा नाही असा नियम, आणि तो सासूबाईंनी स्वतःच्या अंगावर घेतला आहे. शेजारच्या काकूंनी एकदा "पावशेर गहू तेवढे" म्हणून डबा आणला, तर ह्यांनी दारातूनच परत पाठवला. घरच्यांच्या पोळ्या आता पोळी-भाजी केंद्रातून येतात, कारण मी कणीक मळायला बसले की पीठ हवेत उडतं आणि श्वासाबरोबर घशात जातं.

सासूबाईंचं आणखी एक सांगायला हवं. माझ्या सलाईनच्या रात्रीनंतर त्या आठ दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हत्या. मला वाटलं चिडल्या. एक दिवस पोथी घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि चष्मा वर करून मला एक ओळ दाखवली. सत्यनारायणाच्या पहिल्याच अध्यायात प्रसादाचं साहित्य सांगितलंय, त्यात गव्हाचं पीठ, आणि ते नसेल तर तांदळाचं चालेल, असं स्पष्ट आहे. "चाळीस वर्षं वाचतेय," त्या म्हणाल्या, "आणि तोंडाने म्हणतेय नुसतं." माघातल्या पूजेला शिरा तांदळाच्या रव्याचा झाला. गुरुजींनी काही विचारलं नाही. लोकांनी दोनदा मागून घेतला. सोसायटीतल्या एका बाईंनी मात्र कृती विचारली आणि वर म्हणाल्या, "पण गव्हाची सर नाही हो."

नाहीच.

एप्रिलमध्ये टीटीजी ८२ आलं. हिमोग्लोबिन अकरा. अजून ३१ वर पोचायचं आहे, म्हणजे दीड मांडा खायच्या आधी मी जिथे होते तिथे. चहा परत सुरू झालाय, अर्ध्या दुधाचा. कॅश जुळते.

३० एप्रिल २०२५ ला पुन्हा आखाजी होती. जावं की न जावं यावर घरात चर्चा झाली. मी माझा तवा, माझं पीठ, माझी परात पिशवीत घालून गेले, लेकुरवाळी बाई निघावी तशी. आईने पहाटेच फोन केला होता की गव्हाच्या पिठाचा डबा उघडायच्या आत ये. आम्ही पोचलो तेव्हा चूल पेटलेली होती, खापर अजून भिंतीला टेकलेलं. जेवायला बसताना मामा म्हणालेच, "गेल्या वर्षी तर खाल्ला व्हता की." मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "त्याना दंड भरी ऱ्हायनी ती आजून," आणि पुढचा मांडा हातावर घेतला.

भाची हट्टाला पेटली की आत्या, तुझ्या पिठाचा मांडा कर. मी ज्वारीचं पीठ उकड काढून मळलं, लाटी हातावर घेतली, आईसारखी मनगटं फिरवली. पहिल्याच फिरक्याला ती मधोमध फाटून माझ्या पायावर पडली. सगळे हसले, मीही. मग उरलेल्या पिठाची भाकरी थापली, माझ्या तव्यावर भाजली, आणि आमरसाची वाटी पातेल्यात कोणाचे पोळीचे हात जायच्या आत भरून बाजूला ठेवली.